नंबर घातलेल्या गोगलगायी

बारकी दुसऱ्या वर्षाला होती. या वयात मुलं परीक्षेचा अर्ज भरायला विसरतात, प्रेमात पडतात, नाहीतर दोन्ही एकाच आठवड्यात उरकतात. बारकीचा शोधनिबंध छापून येणार होता.

कॉलेजच्या फाटकावर बॅनर चढला होता: ‘द्वितीय वर्षातच शोधनिबंध! संस्थेचा मान उंचावला!’ त्यावर प्राचार्यांचा फोटो ताटाएवढा, मार्गदर्शक सरांचा बशीएवढा, आणि ज्यांनी काम केलं त्या बारकीचा आणि तिच्या मैत्रिणीचा शर्टाच्या बटणाएवढा. मधोमध एक गोगलगाय होती, म्हशीएवढी. ती काही बारकीची नव्हती. कुठल्याशा समुद्रातली, जांभळी, पाठीवर झिरमिळ्या असलेली, इंटरनेटवरून उचललेली. बारकीच्या गोगलगायी मातीच्या रंगाच्या, गरीब घरच्या.

मैत्रिणीला सगळे चौकट म्हणायचे, कारण तिला कशाचाही तक्ता केल्याशिवाय चैन पडत नसे. डब्यात कोणत्या दिवशी काय आलं, कोणत्या सरांनी किती वेळा घड्याळ पाहिलं, सगळं आडव्या-उभ्या रेघांत. आणि मार्गदर्शक सर म्हणजे संदर्भसर. ‘आज उकडतंय’ एवढं म्हणायचं असलं तरी ते ‘अमुक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करत, आणि तो अमुक बहुतेक वेळा ते स्वतःच असत.

आता या सगळ्याचं मूळ म्हणजे बारकीची आई.

घरामागे छोटंसं अंगण. एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत, आणि मध्ये आईच्या कुंड्या. आईचा जीव त्या कुंड्यांत, आणि गोगलगायींचाही. आई रोज सकाळी पानापानाखाली बघायची, सापडेल ती गोगलगाय चिमटीत धरून भिंतीपलीकडच्या गल्लीत भिरकवायची, आणि दोन दिवसांनी कपाळावर हात मारायची.

“आल्या परत! त्याच मेल्या!”

“त्याच कशावरून?” बारकीने विचारलं होतं.

“तोंडावरून.”

या उत्तराने बारकीला झोप लागली नाही. गोगलगायीला तोंड कुठे असतं हे तिला पाठ होतं, पण त्यावरून ओळख पटते का हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने आईच्या कपाटातून नेलपॉलिशच्या दोन बाटल्या काढल्या. नळाकडच्या गोगलगायींच्या शंखावर लाल आकडा, भिंतीकडच्यांवर निळा. एक ते चाळीस, मग पुन्हा एक ते चाळीस.

“लग्नात माझ्या बोटांना मिळालं नाही एवढं नेलपॉलिश,” आई म्हणाली, “या रांडेच्यांना मिळालं.” पण बाटल्या परत मागितल्या नाहीत. गोगलगायी घराबाहेर जाणार असतील तर त्या नटूनथटून गेल्या तरी तिची हरकत नव्हती.

बेत साधा होता. चाळीस गोगलगायी भिंतीपलीकडच्या गल्लीत, दहा मीटरवर सोडायच्या. दुसऱ्या चाळीस मैदानातल्या पाण्याच्या टाकीखाली, पन्नास मीटरवर. दोन्हीकडे निम्म्या लाल, निम्म्या निळ्या. सोडायच्या संध्याकाळी, आणि पुढचे तीन दिवस सकाळी सात वाजता अंगणात येऊन मोजायच्या. घरात बारकीने बजावून ठेवलं होतं: “अंगणातल्या गोगलगायींना कोणी हात लावायचा नाही. आई, तू तर मुळीच नाही.”

गल्लीतल्या चाळीसांपैकी नऊ परत आल्या.

टाकीखालच्या चाळीसांपैकी एकतीस.

चौकटने तक्ता तीनदा केला. आकडे हलेनात. म्हणजे गोगलगायीला जवळ सोडलं तर ती रेंगाळते, आणि लांब नेऊन टाकलं की घराकडे धाव घेते! बरं, नुसती येत नाही. लाल आकड्याची नळाकडेच येते, निळ्याची भिंतीकडेच. एकही चुकत नाही. पुन्हा केलं, महिन्याने पुन्हा केलं. थोड्याफार फरकाने तेच.

संदर्भसर खुर्चीतून उठून उभे राहिले. बावीस वर्षांच्या नोकरीत ते फक्त प्राचार्य आले की उठत. “दूरत्वाची ओढ,” ते म्हणाले, आणि डोळे मिटले. “नाव ठरलं. दूरत्वाची ओढ.”

ज्या नऊ-दहा दर वेळी टाकीकडून येत नसत त्यांच्यावर सरांनी स्वतः एक परिच्छेद लिहिला. मथळा: ‘गोगलगायींमधील स्वभावभेद’. काही जात्याच घरकोंबड्या असतात, काहींना स्वातंत्र्याची आस असते, वगैरे. परिच्छेद सुंदर होता. तो वाचून चौकटच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चौकट ही टक्केवारी चुकली तरच रडणारी मुलगी.

विद्यार्थ्यांचं संशोधन छापणाऱ्या एका जर्नलकडे पेपर गेला. दोन रिव्ह्यूअरनी तो तपासला. पहिला म्हणाला, छान. दुसऱ्याने लिहिलं, “या गोगलगायी आहेत की टपाल? त्यांना कोणी उचलून आणत नसल्याची खात्री केली आहे काय?” बारकीला राग आला. तिने उत्तर दिलं आणि पेपरातही एक वाक्य घातलं: ‘घरातील सर्व सदस्यांना गोगलगायींना स्पर्श न करण्याची सूचना देण्यात आली होती व ती काटेकोरपणे पाळली गेली.’ दुसरा रिव्ह्यूअर गप्प झाला. पेपर स्वीकारला गेला.

त्याबरोबर आणखी एक दार उघडलं. एका मोठ्या संशोधन संस्थेत सुट्टीचे दोन महिने काम करायला बारकीची निवड झाली. खरी प्रयोगशाळा, खरे सूक्ष्मदर्शक, आणि असे लोक की ज्यांना ‘गोगलगायींचं काय करणार शिकून?’ हा प्रश्न पडत नाही. अट एकच, पेपर छापलेला हवा. बारकीने ते पत्र इतक्यांदा उघडलं की घड्यांवर ते फाटायला आलं.

तिच्याहून जास्त हवेत होते ते बाबा.

बाबा इस्पितळाच्या धुलाईखान्यात होते. दुपारी जायचे, रात्री साबणाच्या वासासकट यायचे. तिथे दिवसाला हजार चादरी येत, आणि प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात नंबर आणि रंगीत दोरा. लाल दोरा म्हणजे शस्त्रक्रियेचा वॉर्ड, निळा दोरा म्हणजे तापाचा. तिसाव्या वर्षी हाताला लागलेली सवय पन्नाशीतही सुटली नव्हती. जी वस्तू जिथली, तिथे गेली पाहिजे. एकदा वाऱ्याने शेजारच्यांचा मोजा अंगणात आला, तर बाबा तो घडी घालून परत देऊन आले. एका मोज्याची घडी! शेजारीण अजून सांगते. घड्या घालताना ते आणि त्यांचा जोडीदार चादरीची दोन-दोन टोकं धरून जवळ यायचे, लांब जायचे, आणि गुणगुणायचे:

कोपऱ्याला भेटे कोपरा, चादरीची होई घडी,
नंबराचं लेकरू गं, त्याच्या घरी त्याला धाडी.

आता ते धुलाईखान्यात येईल त्याला थांबवून सांगत होते, “आमच्या बारकीचं नाव छापून येणार.”

“कशात?”

“गोगलगायींत.”

मंगळवारी छपाईचं प्रूफ आलं. शुक्रवारपर्यंत मंजुरी हवी होती. संपादकाने लिहिलं होतं, ‘सकाळच्या उजेडातला, नंबर दिसणारा एखादा फोटो असल्यास मुखपृष्ठावर घेऊ.’ मुखपृष्ठ! चौकट किंचाळली तो आवाज दोन वर्गांपर्यंत गेला. बारकीने संध्याकाळी पाच चांगल्या ठसठशीत आकड्यांच्या गोगलगायी टाकीखाली सोडल्या आणि बुधवारी पहाट सरता सरता, पहिल्यांदाच इतक्या लवकर, फोन घेऊन मैदानात गेली.

ऊन अजून टाकीच्या वरच्या कडेलाच होतं. खाली ओल, गवत, आणि पायवाटेलगतचे ओले दगड. त्या दगडांपाशी कोणीतरी उकिडवं बसलं होतं. शेजारी दुधाची किटली. मांडीवर चौकोनी पसरलेला रुमाल, इस्त्रीचा.

“काय गं तेवीस नंबर,” बाबा दगडाला म्हणत होते, “आज पुन्हा? मागे तर पोचवली तुला. आणि ही कोण, एकोणीस? निळी. तू भिंतीकडची ना गं बाय? चला, चला. घरी वाट बघतात.”

त्यांनी एकेक गोगलगाय दोन बोटांनी, दगडावरून न ओरबाडता, जणू शस्त्रक्रियेच्या वॉर्डातली असावी तशी उचलली. लाल रुमालाच्या एका कोपऱ्यात, निळ्या दुसऱ्या. मग रुमालाची चार टोकं जुळवून गाठ मारली, आणि उठताना त्यांना बारकी दिसली.

“अरे! तू पण शोधायला आलीस?” बाबांचं तोंड फुललं. “तुला आधीच सांगणार होतो, पण म्हटलं पोरीला कशाला घोर. पळून जातात गं तुझ्या. एकेका सकाळी कधी दहा, कधी पंधरा. बरोबर याच दगडाखाली येऊन बसतात. मी दुधाला जाताना बघतो आणि येताना पोचवतो. तुझं कामात लक्ष, तुला कुठून कळणार!”

बारकीच्या पायांखालचं मैदान सरकलं. गोगलगायींच्या वेगाने, पण सरकलं.

“बाबा,” ती म्हणाली, “किती दिवस?”

“सुरुवातीपासून. नंबर आहे म्हटल्यावर पोचवायला नको? नंबर नसता तर मी कशाला हात लावतोय.”

“आणि मागच्या गल्लीतल्या?”

“तिकडे मी कशाला जातो? दूधवाला इकडे आहे.”

एवढीच होती दूरत्वाची ओढ. दूधवाला जिकडे, तिकडची गोगलगाय घरी. गल्लीतल्या नऊ तेवढ्या बिचाऱ्या स्वतःच्या एका पायाने चालत आल्या होत्या. आणि त्या स्वातंत्र्याची आस असलेल्या दहा? त्या गवतात शिरल्या होत्या आणि बाबांना चष्मा लागतो.

तिने फोटो काढला. कशाचा काढतेय हे कळायच्या आत बोट दाबलं गेलं. फोटोत किटली, रुमालाची गाठ, आणि बाबांचं सगळे दात दाखवणारं हसू.

“मुखपृष्ठावर मी नको,” बाबा लाजून म्हणाले. “गोगलगाय घे.”

चौकटने सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ कँटीनच्या टेबलावर बोटाने रेघा मारल्या.

“तुझे बाबा गोड आहेत,” ती शेवटी म्हणाली. “खरंच गोड आहेत. पण आत्ता मला त्यांना पिळून वाळत घालावंसं वाटतंय.”

“मलाही.”

“कोणाला माहीत आहे?”

“तुला, मला, तेवीस नंबरला.”

“तेवीस बोलणार नाही,” चौकट म्हणाली. दोघींनाही हसू आलं, आणि हसू संपल्यावर जास्तच वाईट वाटलं.

संदर्भसरांनी स्टाफरूमचं दार लावून घेतलं.

“तुझे वडील तिथून रोज जातात?”

“हो सर.”

“नियमित?”

“दुधाला सर. एक दिवस चुकवत नाहीत.”

“मग ते पर्यावरणाचा भाग झाले,” सर म्हणाले. “जसा वारा. जसा पाऊस. तू पाऊस वगळलास का?”

“सर, पाऊस गोगलगायी रुमालात बांधून, रंग बघून, ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवत नाही.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “वाक्य बदलता येईल. ‘मानवी हस्तक्षेपाची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.’ हे कुठल्याही पेपरात चालतं. माझ्या सगळ्या पेपरांत आहे.”

“सर, शक्यता नाहीये. बाबा आहेत.”

“बॅनर लागलाय बारके!”

“बॅनर काढता येतो.”

“प्राचार्यांच्या फोटोसकट? शिडी कोण धरणार, तू?” सर ओरडले, आणि मग त्यांचा आवाज एकाएकी खाली बसला. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “बावीस वर्षं झाली. संपादकाने स्वतःहून ‘आवडलं’ असं लिहिलेला हा माझा पहिला पेपर. तो स्वभावभेदाचा परिच्छेद... तो मी एका बैठकीत लिहिला. एक शब्द खोडला नाही.”

बारकीला त्यांची दया आली. सरांची दया येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पायात जोडे घालून कोणाच्या तरी स्वप्नात शिरल्यासारखं वाटलं.

“शुक्रवारपर्यंत वेळ आहे,” सर म्हणाले. “बघ. संस्थेची जागा तुझी जाणार आहे, माझी नाही.”

गुरुवारी बाबांची सुट्टी. जेवणं झाल्यावर त्यांनी टेबल पुसलं, कोरडं केलं, पुन्हा पुसलं आणि म्हणाले, “आता वाच. पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही.”

“उद्या वाचते ना बाबा.”

“उद्या माझी ड्यूटी. आज वाच. तिकडे सगळे विचारतात, काय लिहिलंय. मी काय सांगू, गोगलगाय?”

आईही हात पुसत येऊन बसली. बारकीने प्रूफ काढलं. नावं वाचली, तिचं, चौकटचं, सरांचं. बाबांनी “पुन्हा” म्हटलं. तिने पुन्हा वाचलं. प्रस्तावना वाचली. मग पद्धत. वाचता वाचता तिला पुढचं वाक्य येताना दिसत होतं, आणि त्याला चुकवून जायला बाजूची गल्ली नव्हती.

“‘घरातील सर्व सदस्यांना गोगलगायींना स्पर्श न करण्याची सूचना देण्यात आली होती,’” तिने वाचलं, “‘व ती...’”

“व ती काय?”

“‘काटेकोरपणे पाळली गेली.’”

भांड्यावरून पाण्याचा एक थेंब ओट्यावर पडला.

“पाळलीच,” बाबा म्हणाले. “अंगणातल्यांना मी कुठे हात लावला? तू अंगणातल्या म्हणाली होतीस. मी बाहेरच्यांना...” आणि ते थांबले. दोन्ही हातांचे तळवे टेबलावर पसरले. सोड्याने भेगाळलेले, वर्षानुवर्षं धुतले जाऊन रंग गेलेले हात. “बारके, त्या पळून जात नव्हत्या?”

“नाही बाबा. मीच सोडत होते. परत येतात का बघायला.”

“आणि मी आणत होतो.”

“हो.”

“सगळ्या?”

“पहिल्या खेपेला एकतीस.”

बाबांनी मनात वजाबाकी केली. त्यांचा चेहरा उतरला. “मग त्या नऊ कुठे राहिल्या?”

“अहो, नऊ काय नऊ!” आई खुर्ची मागे ढकलून उठली. “म्हणजे इतके महिने या मेल्या यांच्या खिशात बसून येत होत्या? मी इथे एकेका कळीला पदराखाली धरल्यासारखी जपतेय, आणि हे घरपोच! त्यांना ताटं-पाटही मांडायचे होते! मी पोरीला म्हणत होते, अजून लांब टाक, अजून लांब टाक, आणि हा माणूस...”

“नंबर होता गं त्यांच्यावर.”

“नंबर मलापण घाला! मग मला कोणी उचलून आणेल बाहेरून!”

बारकीला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू फुटलं. मग तिने सगळं सांगितलं. जागा, अट, शुक्रवार, सरांचा पाऊस.

बाबा म्हणाले, “तू छाप. मी तोंड उघडणार नाही. मी काय, मी कधी मैदानात गेलोच नाही. दूधसुद्धा दुसरीकडून आणीन.” त्यांनी आईकडे पाहिलं. “ही पण बोलणार नाही.”

आणि एवढं बोलून ते ओट्यावरचा टॉवेल घेऊन घडी घालायला लागले. घातलेली मोडली. पुन्हा घातली. कोपऱ्याला कोपरा काही जुळेना.

बारकी त्या हातांकडे बघत राहिली. ती सात वर्षांची असताना एकदा बाबांनी तिला धुलाईखान्यात नेलं होतं. वाफेने भरलेली ती लांबच लांब खोली, पांढऱ्या चादरींचे डोंगर, आणि घडीच्या टेबलावर बाबा. एक चादर त्यांनी अर्ध्या घडीत थांबवली होती. कोपऱ्याजवळ डाग. मसुरीच्या दाण्याएवढा, फिका. घडीत आत गेला असता तर दिसलाही नसता. बाबांनी चादर उलगडली आणि मळक्या ढिगाकडे भिरकावली.

“कोणाला दिसणार होतं?” छोट्या बारकीने विचारलं होतं.

“जो तिच्यावर झोपेल त्याला,” बाबा म्हणाले होते, आणि पुढची चादर ओढली होती. उपदेश वगैरे काही नाही. शंभर चादरी अजून बाकी होत्या.

बारकीने बाबांच्या हातातून टॉवेल घेतला. एक टोक त्यांना दिलं, एक आपण धरलं. दोघं लांब गेली, जवळ आली. घडी झाली.

शुक्रवारी सकाळी तिने आणि चौकटने संपादकाला पत्र लिहिलं. चौकटने जोडायला एक तक्ता केला: गोगलगायीचा क्रमांक, सोडल्याची तारीख, परत आल्याची तारीख, आणि शेवटचा नवा रकाना, ‘वाहन’. त्यात एकतीस वेळा ‘बाबा’ असं लिहिलं होतं. पाठवायच्या आधी चौकटने डोळे घट्ट मिटून घेतले आणि बारकीचं बोट धरून तिनेच ते बटणावर दाबलं.

दुपारी कामावर निघालेल्या बाबांनी दारातून विचारलं, “पुन्हा धुवायला टाकलीस?”

“टाकली.”

बाबांनी मान हलवली आणि चप्पल घातली. जाताना उजव्या पायाची डाव्या पायात घातली होती.

संपादकाचं उत्तर चार ओळींचं होतं. पेपर मागे घेतला आहे. दुसरे रिव्ह्यूअर अतिशय आनंदात आहेत आणि ते कोणालाही आवरत नाहीयेत. प्रयोग पुन्हा करा, वडिलांशिवाय. जे येईल ते पाठवा, काहीच न आल्यास तेही पाठवा. छापूच असं नाही, पण वाचू नक्की.

संस्थेचं उत्तर त्याहून छोटं होतं. जागा दुसऱ्याला दिली आहे, पुढल्या वर्षी अर्ज करावा. बारकीने ते पत्र जुन्या पत्राच्या आत ठेवलं. आईने तिच्यासमोर चहा ठेवला, उचलला, गरम करून पुन्हा ठेवला.

बॅनर उतरवताना प्राचार्यांनी शिडी धरली नाही, पण लांबून सूचना दिल्या. कापड जाड होतं, टाकवेना. कँटीनवाल्याने ते कपबशा विसळायच्या जागेवर छत म्हणून बांधलं. प्राचार्यांचा चेहरा नेमका मोरीवर आला, आणि सरांच्या बशीएवढ्या फोटोखाली खऱ्या बश्या निथळायला लागल्या. संदर्भसर महिनाभर कँटीनला गेले नाहीत. मग एक दिवस बारकीला जिन्यात थांबवून, इकडेतिकडे बघून म्हणाले, “तो स्वभावभेदाचा परिच्छेद... नव्यात कुठे बसेल का?”

“सर, बघू. एखादीला स्वभाव निघाला तर.”

प्रयोग पुन्हा झाला. नव्या गोगलगायी, नवी बाटली. ही आईने स्वतः आणून दिली. “निदान रंग तरी चांगला लावा,” म्हणाली. बाबा आता दुधाला मैदानाला वळसा घालून, पंधरा मिनिटं जास्त चालून जात. “दिसलं की हात जातो,” ते म्हणायचे. “न बघितलेलं बरं.” आणि सकाळी सातला बारकी मोजत असायची तेव्हा ते दारात उभे, हात पाठीमागे बांधून, जणू ते हातही प्रयोगातून वगळले होते.

गल्लीतून परत आल्या अकरा.

टाकीखालून एकही नाही.

“एकही नाही?” तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं. “नीट बघितलंस? कुंडीखाली?”

“बघितलं बाबा.”

“चाळीस होत्या गं.”

“पन्नास मीटर फार असतात बाबा गोगलगायीला.”

“हो,” बाबा म्हणाले. “असतील.”

चौकटने तक्ता केला. पन्नास मीटरच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. असा रुबाबदार तक्ता तिने आयुष्यात केला नव्हता. लेख दोन पानांचा झाला. नाव साधं: ‘बागेतील गोगलगायी पन्नास मीटरवरून परत येत नाहीत असे दिसते’. संदर्भसर म्हणाले, याहून रुक्ष नाव त्यांनी ऐकलेलं नाही, आणि खाली सही केली. सोमवारी पाठवायचं ठरलं.

रविवारी, सोडल्याला नऊ दिवस झाले तेव्हा, बारकी दात घासत अंगणात आली आणि ब्रश तोंडातच राहिला.

नळाकडच्या पहिल्या कुंडीच्या काठावर सतरा नंबर बसली होती. लाल. टाकीखालची. शिंगं बाहेर काढून, निवांत, पानाच्या कडेला नक्षी काढत.

“बाबा!”

बाबा धावत आले. त्यांनी सतरा नंबरला पाहिलं, मग बारकीला, आणि दोन्ही हात वर केले. “मी नाही. तुझी शपथ. मी मैदानाकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. वळशानेच जातोय!”

त्यांच्या तोंडावर खोटं कधी टिकत नसे. ते खरं बोलत होते. हळूहळू दोघांच्या माना एकदमच स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळल्या.

आई पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती. जरा जास्तच जोरात.

“आई?”

“काय?”

“तू काल मैदानात गेली होतीस?”

“मी? वाणसामानाला गेले होते. रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?”

“टाकीजवळून?”

“त्या बुळबुळीत जिवाला मी हात लावीन? मी?” आई अजूनही वळली नाही. “आली असेल चालत. नऊ दिवस झाले. माणूससुद्धा नऊ दिवसांत घरी येतं.” आणि थोड्या वेळाने, पाण्याच्या आवाजाखालून, “हा माणूस रात्री उशीवर पडून ‘एकही नाही, एकही नाही’ करत होता आठवडाभर. कोणाला झोप लागणार!”

बाबांनी खिडकीकडे पाहिलं ते असं, की बारकीला उगाच नळ दुरुस्त करावासा वाटला.

चौकट आली, तिने सतरा नंबरकडे चारी बाजूंनी पाहिलं. “एक बटा चाळीस,” ती म्हणाली. “नऊ दिवसांत पन्नास मीटर. चालून येऊ शकते बारके. हिशेबाने येऊ शकते. ही एक जर खरी असेल ना, तर आपल्याकडे मुखपृष्ठ आहे.”

“आणि खरी नसेल तर?”

“तुझी आई कबूल करत नाहीये.”

“नाकारतही नाहीये.”

बारकी कुंडीसमोर खाली बसली. सतरा नंबरने एक शिंग आत घेतलं, दुसरं तसंच ठेवलं. ओल्या मातीवर तिच्या मागे एक चकाकती रेघ होती. कुंडीच्या बुडापासून काठापर्यंत, हातभर. त्याआधीची वाट रात्रीच्या दवाने पुसून टाकली होती. नाहीतर ती वाट कधी नव्हतीच.

तिने वही उघडली. सतराच्या पुढे लिहिलं: ‘नवव्या दिवशी परत. वाहन: सांगता येत नाही.’ मग पट्टी लावून त्या ओळीवर सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला लिहिलं, ‘बाद’. चौकटने तोंड वळवलं, पण पट्टी तिनेच धरली होती.

बाबा आत गेले. आईच्या हातातून ओली ताटली घेऊन पुसायला लागले. आतून आईचा आवाज आला, “ती तिथे ठेवायची नाही. ज्या फळीवरची त्या फळीवर.”

बारकी अजून कुंडीसमोरच होती. ती वाकली, अगदी शंखाजवळ तोंड नेलं.

“तू खरंच चालत आली असशील ना,” ती हळूच म्हणाली, “तर माफ कर गं बाई.”

सतरा नंबरने आईच्या झाडाचं कोवळं पान पुढे ओढलं आणि मधोमध एक छान, गोल भोक पाडलं.